अपकेंद्री बल ‘नसतं’, तर ९.७८ कुठून आलं?

‘अपकेंद्री बल अस्तित्वातच नाही. ते कुणी लावत नाही. सगळी गणितं जमिनीवरून बघून सुटतात. अकरावीला शिकवलं तर मुलांचा गोंधळच होतो. कोरिऑलिस म्हणजे तर बेसिनच्या भोवऱ्याची भाकडकथा.’ गोव्यातल्या हायर सेकंडरीच्या फिजिक्स शिक्षकांत हा मजकूर फिरतोय. (अपकेंद्री बल म्हणजे वळणावर आपल्याला बाहेर ढकलल्यासारखं वाटतं ते; कोरिऑलिस बल म्हणजे फिरत्या पृथ्वीवरून बघताना वाहत्या वाऱ्या-पाण्याला बाजूला वळवतं ते.)

कुणी लावत नाही, हे खरं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातला जोडीदार, म्हणजे क्रियेला उलटी प्रतिक्रिया, या बलाला नसतो आणि मुलांना ते स्पष्ट सांगायलाच हवं. पण मग गुरुत्व त्वरण मोजायच्या लंबकाच्या प्रॅक्टिकलचं काय? गोवा साधारण साडेपंधरा उत्तर अक्षांशावर. इथे ते ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास येतं, आणि ते पृथ्वीच्या निव्वळ आकर्षणाचं नसतं. तिच्या फिरण्यापायी सुमारे ०.०३ त्यातून आधीच वजा झालेलं असतं. जर्नलमध्ये त्या आकड्यावर सही करायची आणि वर्गात ‘असलं काही नसतं’ म्हणायचं, हे कसं जमणार?

जमिनीवरून सुटतात म्हणे. तीही फिरतेच की! जूनमध्ये आपल्याकडे येणारा वारा दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून निघतो, विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून सह्याद्रीवर आदळतो. हवामानाची समीकरणं फिरत्या पृथ्वीवर बसूनच, कोरिऑलिसचं पद घालून सोडवतात. (खुद्द फ्रेंच गणिती कोरिऑलिसने १८३५ मध्ये हे गणित मांडलं ते फिरत्या यंत्रांसाठी, वारा त्याच्या डोक्यात नव्हता.)

गोंधळ होतो, हे मान्य. पण कशामुळे? अनमोड घाटात बस वळतेय. वेग ताशी ३६ किलोमीटर, वळणाची त्रिज्या ४० मीटर आणि आत बसलेली मुलगी ५० किलोची धरली, तर हिशेब १२५ न्यूटनचा. रस्त्यावरचा माणूस म्हणेल, सीट आणि दांडा मिळून तिला १२५ न्यूटनने आत ओढतात, म्हणून ती वळते. बसमधला म्हणेल, आत १२५, बाहेर १२५, म्हणून ती जागेवर आहे. दोघेही बरोबर. आपण मात्र फळ्यावर दोन्ही बाण एकाच आकृतीत काढतो आणि वर सांगतो, ‘म्हणून ती वर्तुळात फिरते.’ बेरीज शून्य आणि तरी वळण? हुशार मूल इथे अडतं, बाकीची पाठ करतात. आकृतीच्या डोक्यावर आधी ‘कोण बघतंय’ ते लिहून घ्या. नसेल तर गुण देऊ नका. धडा गाळून काही साधत नाही, मुलं ते बल बसमध्ये अंगावर घेऊनच वर्गात येतात.

बेसिनचं मात्र बरोबर आहे. एवढ्याशा पाण्यात नळाच्या धारेने दिलेल्या हेलकाव्यापुढे कोरिऑलिस नगण्यच. तेवढी ओळ खुशाल फॉरवर्ड करा.