न बघितलेल्या सिनेमावर मत कशाला?

डोकं फिरतं राव! सिनेमाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "सैराट ना? त्याचा हिंदी रिमेक धडक बघितलाय मी, स्टोरी तीच आहे."

तीच कशी असेल? नागराज मंजुळेंचा २०१६ चा सैराट जातीवर उभा आहे. भर वर्गात नायिकेचा भाऊ, गावच्या पुढाऱ्याचा पोरगा प्रिन्स नव्या सरांच्या कानाखाली वाजवतो, कारण गावात सत्ता कोणाची हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हा एकच सीन काढून टाका, पुढचं सगळं लंगडं पडतं. २०१८ च्या धडकमध्ये उदयपूर आलं, महागडे कपडे आले, झिंगाटही हिंदीत आलं, पण जात एक-दोन वाक्यांत उरकली. सैराटच्या शेवटी त्या जोडप्याच्या लेकराची रक्ताने माखलेली पावलं आणि पडद्यावरची ती जीवघेणी शांतता, तेसुद्धा गेलं. मग राहिलं काय? पळून गेलेलं एक जोडपं. असले सिनेमे ढीगभर आहेत.

सगळेच रिमेक टाकाऊ नसतात. निशिकांत कामतांनी २०१५ मध्ये मल्याळम दृश्यम हिंदीत, गोव्यात आणला. मूळच्या नायकाचा, जॉर्जकुट्टीचा, विजय साळगावकर झाला आणि तिथलाच वाटला. मी तो आवडीने परत परत बघतो. पण म्हणून मोहनलालचा मूळ मल्याळम दृश्यम बघायचाच नाही? "सबटायटल कोण वाचत बसणार" म्हणे! नका वाचू. पण मग "हिंदीच भारी आहे" हे कशाच्या जोरावर ठोकून देता? दोन्ही बघा, मग खुशाल भांडा माझ्याशी.