प्लँटवाल्यांना शिव्या घालण्याआधी गच्चीचा पाईप कुठं जातोय ते बघा

परवा रात्री पावसात एसटीपी, म्हणजे गावाचं सांडपाणी साफ करणारा प्लँट, ओव्हरफ्लो झाला आणि काल सकाळपासून सगळ्या ग्रुप्सवर नुसता धुरळा उडालाय. नदीत काळं पाणी, पुलापाशी उभं राहवत नाही असा वास, आणि खालच्या गल्लीत चार घरांत बाथरूमच्या जाळीतूनच मैलापाणी वर आलं. त्यातलं एक घर आमचं. त्यामुळे ह्याला काय जातंय बोलायला असं कृपया म्हणू नका, काल पहाटे चार वाजता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नाकाला फडकं बांधून मी ते पाणी डबड्यानं बादलीत भरत होतो आणि मी भरतोय त्याच्या दुप्पट वेगानं ते जाळीतून गुळगुळ करत वर येत होतं.

तर दुपारी मी तरातरा प्लँटवर गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

तिथला ऑपरेटर रात्रभर जागा होता, डोळे लाल. मी आवाज चढवल्यावर काही न बोलता त्यानं एअरेशन टँकमधून, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीतून, एक लिटरचा काचेचा मोजपात्राचा जार भरून आणला आणि टेबलावर ठेवला. नुसतं तपकिरी गढूळ पाणी. म्हणाला, अर्धा तास बसा. बसलो. हळूहळू गाळाचे पुंजके खाली बसायला लागले आणि अर्ध्या तासानं खाली तिसरा हिस्सा गाळ आणि वर चक्क नितळ पाणी. म्हणाला, हा गाळ नाहीये, हे आमचे कामगार आहेत.

म्हणजे काय, तर प्लँट हा मोठा फिल्टर असतो असं आपल्याला वाटतं, पण खरं काम करतात ते बॅक्टेरिया. त्यांना हवा द्यायची, ते घाण खातात, मग पुढच्या टाकीत शांतपणे खाली बसतात आणि त्यांना उचलून परत कामाला लावायचं. १९१४ साली मँचेस्टरला दोघा केमिस्टनी ही पद्धत मांडली आणि आजही जगातले बरेचसे प्लँट त्याच तत्त्वावर चालतात. आता गोम अशी की हे सगळं "शांतपणे खाली बसण्यावर" अवलंबून आहे. नेहमीच्या कितीतरी पट पाणी एकदम आलं की टाकीत खाली बसलेला थर उचलला जातो, कडेवरून वाहतो आणि कामगारच नदीत वाहून जातात. मग पाऊस थांबला तरी प्लँट पांगळा, नवीन बॅक्टेरिया वाढून घडी बसायला आठवडेच्या आठवडे लागू शकतात, आणि तेवढे दिवस रोज अर्धवट साफ झालेलं पाणी नदीत. म्हणून त्यानं रात्री दोन वाजता बायपास, म्हणजे पाणी प्लँटमध्ये न घेता थेट नदीत सोडायची वाट, उघडला. हो, मुद्दाम उघडला. एक रात्र घाण सोडली की पुढचे आठवडे वाचतात. मला हे पचायला वेळ लागला, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

बरं मग इतकं पाणी आलं कुठून? परवा रात्री गावातले लोक काय दहा-दहा वेळा संडासला गेले होते का?

पाणी आलं पावसाचं, आणि पावसाचं पाणी ड्रेनेज लाईनमध्ये येण्याचं काही कारणच नाही. आपल्याकडे दोन लाईन वेगळ्या आहेत, मैल्याची वेगळी आणि पावसाळी गटाराची वेगळी. लंडनमध्ये जुन्या भागात एकोणिसाव्या शतकापासून दोन्ही एकाच गटारात जातं, म्हणून ओव्हरफ्लो अडवायला त्यांना बराचसा थेम्स नदीखालूनच जाणारा २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला, २०२५ मध्ये तो पूर्ण जोडला. त्यांची निदान पूर्वजांची चूक होती हो. आपण वेगळ्या टाकलेल्या लाईन स्वतःच्या हातानं एक केल्यात.

कशा? तर आज सकाळी मी एक उद्योग केला. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवली, गच्चीवर ओतली आणि धावत खाली येऊन घराच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उचललं. दहा सेकंदात निळं पाणी चेंबरमध्ये. माझ्याच! घर बांधताना प्लंबर म्हणाला होता, इथंच जोडून टाकतो, अंगणात चिखल होणार नाही. मी म्हटलं छान. बारा वर्षं विसरून गेलो.

आता हिशोब करा. गच्ची १०० स्क्वेअर मीटर आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ५००० लिटर. चार माणसांचं घर दिवसाला साधारण ५०० लिटर सांडपाणी सोडतं. म्हणजे माझ्या एका गच्चीनं एका तासात दहा दिवसांचं पाणी लाईनमध्ये ढकललं. अशा गल्लीत वीस गच्च्या धरा आणि मग सांगा कुठला पंप पुरेल. माझ्याच गच्चीचं पाणी माझ्याच बाथरूममधून वर आलं असणार, आणि मी शिव्या प्लँटला घालत होतो.

त्यात रस्त्यावर पाणी साचलं म्हणून कुणीतरी मॅनहोलची झाकणं उघडून ठेवली होती. असं परत कोणी केलं तर मी स्वतः भांडायला येईन. एक तर पुराच्या पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही, माणूस सरळ आत जातो. शिवाय रस्त्याचं सगळं पाणी, माती, प्लास्टिक थेट प्लँटकडे. आणि आत वाकून तर बघूच नका, तो सडक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला आणि तिथंच कोसळतो.

पालिकेला मात्र मी सोडणार नाही. बायपास उघडला रात्री दोनला आणि नदीत उतरू नका ही सूचना आली दुपारी दीडला. साडेअकरा तास! तोवर पोरं नदीवर जाऊन आली, काठच्या विहिरींचं पाणी लोकांनी भरून नेलं. पाणी नितळ दिसतंय म्हणजे चांगलं असं नसतं, तपासणी होईपर्यंत त्या विहिरींचं पाणी कुणी पिऊ नका. बायपास उघडायचा निर्णय बरोबर होता हे मान्य, पण मग त्याच मिनिटाला मेसेज टाकायला काय झालं होतं? लपवलं की लोक वाईटच समजणार.

आणि हो, "मोठा प्लँट बांधा" म्हणून सह्यांची मोहीम निघालीये, मी सही केलेली नाही. आधी लाईनमध्ये धूर सोडून टेस्ट घ्या. मॅनहोलमधून ब्लोअरनं धूर सोडतात आणि गच्चीच्या ज्या-ज्या पावसाच्या पाईपातून धूर निघेल ती जोडणी चुकीची, इतकं सोपं. कुणाकुणाच्या घरावर धूर निघेल ह्याची भीती असल्यामुळेच ती होत नाही असा माझा तरी संशय आहे.

रविवारी माझा पाईप तोडून पाणी अंगणात मुरवायची सोय करतोय, आणि बाथरूमच्या लाईनला पाणी उलटं वर येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्हही बसवतोय. शेजारचे काका म्हणाले, तुझ्या एकट्याच्या पाईपनं काय फरक पडणार? तासाला ५००० लिटरचा, म्हटलं. ते जरा गप्प झाले, मग हळूच म्हणाले, आमचाही बघ की एकदा. तर खालच्या गल्लीतल्या ज्यांना बघायचाय त्यांनी शनिवारी सकाळी निरोप द्या, नीळ आणि बादली माझ्याकडे आहे, चेंबरचं झाकण उचलायला सळई तेवढी कुणीतरी आणा.