‘४० दिवसांत फाडफाड इंग्रजी’: त्या मेसेजला उत्तर

“रोज ५० शब्द अर्थासकट पाठ करा. ४० दिवसांत २००० शब्द होतात आणि तेवढ्यात ९५ टक्के इंग्रजी येतं. एका शब्दाला एकच मराठी अर्थ लिहा, उदाहरणाच्या वाक्यांत वेळ घालवू नका. इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी हुशार पोरांसाठी असते, तिच्या नादी लागू नका. घरात मराठी बंद करा.” व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज गावोगाव फिरतोय. आता तो जिंतूरला माझ्या ताईपर्यंत पोचला आणि नववीतल्या भाचीने त्याप्रमाणे वहीच घातली. म्हणून हे लिहितोय.

ती वही मी पाहिली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, मध्ये लाल रेघ. फाईन म्हणजे दंड. बुक म्हणजे पुस्तक. चार्ज म्हणजे आरोप. बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे. अक्षर सुंदर, मेहनत खरी. वरून खाली विचारत गेलं तर एकही चुकत नाही. मधलाच शब्द विचारला की लेकरू वरपासून मनात म्हणत खाली येतं. आणि “मैत्रिणीकडे पेन माग बघू इंग्रजीत” म्हटलं तर गप्प. “मामा, वाक्यं नाही केली, शब्दच केलेत,” म्हणाली. तिची काय चूक? तिला सांगितलंच तसं.

सगळ्यात घातक मुद्दा हाच: एक शब्द, एक अर्थ, वाक्य नको. याच पोरीला ‘चार्ज’ शब्द वाक्यांतून कितीतरी आधीपासून येतो. मोबाईल चार्जिंगला लावते. रिक्षावाल्याने जास्त चार्ज केला म्हणून कुरकुरते. शाळेत इनचार्ज बाई कोण, हे तिला ठाऊक आहे. पेपरात चार्जशीट वाचते. यातलं काहीही तिने पाठ केलेलं नाही. आपल्याकडे शेतावरचं पोरगंसुद्धा ‘लोड आला’, ‘फ्यूज उडाला’, ‘डीपी जळाली’ बरोबर जागी बोलतं. कारण ते शब्द त्याने बोलण्यात, प्रसंगात ऐकले. आता वहीत ‘चार्ज – आरोप’ एवढंच लिहून आपण तिला आधीपासून येणारे बाकीचे तीन अर्थ पुसायला लावतोय.

आणि बॉरो-लेंड? नुसत्या जोडीत हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळणारच, दोन्हीकडे ‘उसने’ आहे. ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ आणि ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. एकात मी घेणार, दुसऱ्यात तू देणार, हे वाक्यच सांगतं. ‘कडक चहा’ला ‘हार्ड टी’ म्हणणारी पोरं शब्दार्थात चुकलेली नसतात. चहासोबत ‘स्ट्राँग’ येतो, हे त्यांना कुणी वाक्यात दाखवलेलं नसतं.

ज्या २००० शब्दांचा मेसेजमध्ये एवढा गाजावाजा आहे, तशी सगळ्यात नावाजलेली यादी मायकेल वेस्ट यांची, १९५३ सालची. हे गृहस्थ ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते, म्हणजे त्यांच्यापुढची मुलं आपल्यासारखीच, घरी बंगाली बोलणारी. त्या यादीत प्रत्येक शब्दाखाली त्याचे वेगवेगळे अर्थ दिलेत, आणि कुठला अर्थ शंभरात साधारण किती वेळा येतो हेही दिलंय. २००० शब्दांची यादी करणाऱ्या माणसालाच एका शब्दाला एक अर्थ पुरला नाही. मग मेसेज लिहिणाऱ्याला कुठून पुरला?

एक गोष्ट मान्य करावी लागते, थोडी नाइलाजाने. रोजच्या वापरातले पहिले २००० शब्द आधी शिकावेत हे बरोबरच आहे. कांदा, बादली, कात्री यांना मराठी अर्थ पुरतो, व्याख्येचा घोळ नको. पण ९५ टक्के? वर्तमानपत्रासारख्या मजकुरात एवढ्या शब्दांनी साधारण ८० टक्के भागतं, गप्पांत जरा जास्त. ८० टक्के ऐकायला भरपूर वाटतं. म्हणून हे वाचा: “परभणीहून सुटणारी गाडी आज ____ झाली असून प्रवाशांनी आपले पैसे ____ घेण्यासाठी खिडकीवर ____ दाखवावे.” बहुतेक शब्द आले, काम अडलंच. शिवाय अभ्यासक हा हिशेब शब्दकुटुंबांत करतात. यूज, यूजफुल, यूजलेस मिळून एक. वहीतले २००० सुटे शब्द म्हणजे त्याहून कितीतरी कमी.

रोज ५० बद्दल फार लिहीत नाही. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलाय, उजळणी नसेल तर पहिल्या दिवसातच बरंचसं जातं. मेसेजमध्ये उजळणीला एक दिवससुद्धा ठेवलेला नाही.

डिक्शनरी हुशारांसाठी, हे तर साफ खोटं. शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या वेगळ्या असतात. याच वेस्ट यांनी १९३५ मध्ये जी काढली, तिच्यात सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार फक्त १४९० सोप्या शब्दांत समजावलेत. १९७८ च्या लाँगमनने साधारण २००० शब्दांत व्याख्या बसवल्या. १९८७ च्या कोबिल्डने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिल्या, तो शब्द माणसं कशी वापरतात ते दाखवत. ज्या मुलाला थोडंच इंग्रजी येतं, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप झाला. आता अशा डिक्शनऱ्या मोबाईलवर फुकट उघडतात, उच्चारही ऐकू येतो.

राहिलं ‘घरात मराठी बंद’. याने मला खरा संताप येतो. ताईला जेवढं इंग्रजी येतं, तेवढ्यात ती लेकीशी ‘कम, ईट, स्लीप’ यापलीकडे काय बोलणार? उधारी, व्याज, जामीन म्हणजे काय हे घरातल्या बोलण्यातून नीट कळलेल्या पोरीला त्यांचे इंग्रजी शब्द पटकन बसतात, कारण कल्पना आधीच डोक्यात असते. ताईला स्वच्छ सांगितलंय: घरात मराठीच बोला, भरपूर बोला. पोरीने रोज आठ-दहाच शब्द घ्यावेत, प्रत्येकापुढे सोपी व्याख्या आणि दोन वाक्यं लिहावीत, त्यातलं एक तिचं स्वतःचं. आणि रविवारी नवीन शब्द नाही, फक्त मागचे, तेही क्रम मोडून.