देवळात फोन वाजता हा

रात्री सव्वादोनला गुरवकाकांचा फोन आला. म्हणाले, "अरे झिला, देवळात फोन वाजता हा."

मी अर्धवट झोपेत. म्हटलं काका, मग उचला की.

"उचलूचो कसो? थंय फोनच नाय. तो तुझो टीव्हीवरचो डबो वाजता हा. आनि आता त्येची मुंडी फिरली. माझ्याकडे बघता हा."

झोप खाडकन उडाली. टीव्हीवर कोणाचं नाव दिसतंय विचारलं तर म्हणे नाव नाय, नुसतो नंबर. शंभर. आता सगळीकडे ११२ झालंय, पण आमच्या वाडीत शंभर म्हणजे अजून पोलीसच, त्यामुळे मी चपला शोधून, बॅटरी घेऊन, पायवाटेने देवळाशी पोचेपर्यंत काकांनी पोलीस पाटलांना उठवलं होतं, पोलीस पाटलांनी तात्यांना, आणि तात्यांनी एकदा खाकरून अर्धी वाडी. सभामंडपात दहा-बारा माणसं, दोन काठ्या, एक कोयता, आणि समोर टीव्हीवर तो काळा डबा, कॅमेऱ्याची मान बरोब्बर दाराकडे वळवून, लाल दिवा लावून बसलेला. आम्ही बघत असतानाच परत वाजला. या वेळी नंबर १०००.

"वाढलो," पोलीस पाटील हळूच म्हणाले.

हे सगळं कौलांमुळे झालं. देवळाचं छप्पर गळतंय, मिरगाच्या आत काय तो निर्णय घ्यायचा, गावाला कौलंच पाहिजेत आणि मुंबई मंडळाला स्लॅब. व्हॉट्सॲपवर चर्चा करून झाली, म्हणजे एकाने अकरा मिनिटांची व्हॉइस नोट टाकली आणि बाकीच्यांनी अंगठे टाकले. तेव्हा मुंबईच्या सेक्रेटरी भावजींना सुचलं की आपण समोरासमोर मीटिंग घेऊ. त्यांच्या ऑफिसातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे दोन जुने डबे भंगारात जाणार होते, कॅमेरा, माइक, रिमोट सगळ्यासकट. एक ठेवला लालबागला गावकीच्या खोलीत, दुसरा आमच्याकडे पाठवला. वाशी मार्केटला हापूसच्या पेट्या टाकून रिकामा परतणारा टेम्पो असतो ना, त्यातून. पेटीतल्याच गवतात गुंडाळून आला. अजून व्हेंटमधून काडी निघते.

आणि मी "कंप्युटरातलो". पुण्याच्या एका कंपनीसाठी पगाराच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट देतो घरी बसून, पण गावात एकदा कंप्युटरातला झालात की मिक्सरसुद्धा तुमच्याकडेच येतो.

तर डबा लावला, चालू केला, आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला: पत्ता. कुणाला कॉल करायचा, त्याचा पत्ता टाका. भावजी फोनवरून ऐटीत म्हणाले, आमचो पत्तो लिहून घे, १९२ टिंब १६८ टिंब १ टिंब १२. मी हसलो नाही, कारण वयाने मोठे आहेत, पण हा पत्ता म्हणजे "मागल्या पडवीतली खोली" असा पत्ता आहे. घरातल्या माणसाला लगेच कळतो, पोस्टमनला काडीचा उपयोग नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराघरातल्या राउटरने आतल्या आत वाटलेले असतात, माझ्या फ्रीजशेजारच्या प्रिंटरलासुद्धा असाच आहे. मी तो टाकून कॉल लावला असता तर फार तर प्रिंटरने उचलला असता.

बाहेरून सापडायचं तर खरा पत्ता पाहिजे, न बदलणारा, म्हणजे स्टॅटिक आयपी. तो इंटरनेटवाल्याकडून महिन्याला जादा पैसे देऊन गावासाठी घेतला, म्हणजे कमिटीच्या खर्चात "आयपी" अशी नोंद झाली आणि ऑडिटच्या वेळी तात्यांनी विचारलं की ह्यो आयपी कोण, मानकरी की पावणो. मग राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्या कॉलला आत यायचं नंबरी दार, उघडलं. तरी कॉल लागेना. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की या डब्यांना दोन भाषा येतात. एक एच.३२३, ती १९९६ ची. दुसरी सिप, ती १९९९ ची, पुढे २००२ मध्ये नीटनेटकी केलेली. म्हणजे एक सासू, एक सून. आमचा डबा सुनेच्या भाषेत ५०६० नंबरच्या पोर्टवर कान लावून बसलेला, आणि लालबागचा डबा सासूच्या भाषेत १७२० वर दार वाजवतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, फक्त बोलणं बंद. कोकणातल्या घरात हे काही नवीन नाही, मला लवकर सुचायला पाहिजे होतं.

मुंबईचा डबा सिपवर आणला, कॉल लागला, लालबागच्या खोलीतला पंखा आमच्या देवळात फिरताना दिसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पोर्ट उघडं ठेवून घरी गेलो आणि भात-माशाची कढी जेवून झोपलो.

आणि त्याच रात्री सव्वादोनला शंभर नंबर.

झालं होतं असं, की जगात काही लोक दिवसरात्र प्रोग्रॅम सोडून बसलेले असतात, ते एकेक आयपी चाचपत ५०६० चं दार वाजवत फिरतात. दार उघडं मिळालं की १००, १०१, १००० असले सोपे एक्स्टेंशन नंबर लावून बघतात, कारण एखादं कच्चं फोन एक्स्चेंज हाताला लागलं तर त्याच्या पैशाने परदेशात कॉल करता येतात. आमच्या देवळातून त्यांना काय मिळणार होतं ते रवळनाथालाच ठाऊक. डबा ऑटो आन्सरवर होता, म्हणून कॉल आला की तो जागा व्हायचा आणि कॅमेऱ्याची मान सरळ करायचा, म्हणजे दाराकडे, म्हणजे गुरवकाकांकडे.

हे मी तिथे उभ्याउभ्या समजावलं. इथपर्यंत ठीक होतं. पण माझी जीभ गप्प बसेना, मी पुढे सांगितलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, या प्रकाराला आमच्या लाइनीत घोस्ट कॉलच म्हणतात.

एकदम शांतता. बारावीतला एक पोरगा होता त्याने कर्तव्य समजून भाषांतर केलं. "घोस्ट म्हंजे भूत."

"म्हंजे तुमच्या लाइनीत पण म्हायती आसा," गुरवकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, उलट समाधान होतं.

मग तात्यांनी मला बाजूला घेतलं. "डबो लावलंस त्या दिवशी राखणदाराक नारळ दिलेलो मा?" मी म्हटलं, तात्या, त्याला नारळ नको, फायरवॉल पाहिजे. तात्या म्हणाले तुझा ता तू कर, आमचा आमी करतो. त्याप्रमाणे सकाळी मी लॅपटॉप घेऊन ५०६० पोर्ट बंद केलं आणि त्यांनी वडाखाली नारळ फोडला, साधारण एकाच वेळी. त्यानंतर डबा रात्री कधी वाजला नाही. श्रेय कुणाला गेलं हे मी सांगायला नको. माझी फायरवॉल तर कुणी बघितलीसुद्धा नाही, नारळाचा प्रसाद मात्र सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला.

पण पोर्ट बंद म्हणजे मुंबईही बंद. मग मी शेवटी क्लाउडवरची मीटिंग काढली, की डबे एकमेकांना कॉल न करता दोघांनीही तिसऱ्याच जागी जाऊन भेटायचं, वाद असलेल्या जमिनीची सुनावणी तालुक्याला जाऊन करतात तसं. तिथे यायच्या तीन वाटा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन त्यांना लिंक. ज्यांच्याकडे साधा फोन त्यांना डायल-इन नंबर. आणि डब्यांना सिपचा पत्ता, तो दिसतो ईमेलसारखा: आधी मीटिंगचा अकरा आकडी नंबर, मग टिंब, मग पासकोड, मग @, मग पुढे सर्व्हिसचं नाव.

हा पत्ता मी तात्यांना कागदावर लिहून दिला, कारण मीटिंगच्या दिवशी मला कणकवलीला जायचं होतं. तात्यांनी वाचायला सुरुवात केली. आकडे झाले, टिंब झालं, पासकोड झाला.

"ह्या काय?"

"ॲट द रेट."

"कसलो रेट? पेटीचो की डझनाचो?"

मी म्हटलं रेट नाही हो तात्या, ती खूण आहे नुसती. "मगे तसा सांग, जिलबी आसा," तात्या म्हणाले, आणि कागदावर त्याच्याशेजारी बॉलपेनने "जिलबी" लिहिलं. ती जिलबी रिमोटवर शोधण्यात वीस मिनिटं गेली. रिमोटवर नुसते आकडे, अक्षरं काढायची तर जुन्या मोबाइलसारखी बटणं परतपरत दाबायची, "एस"साठी सात चारदा. जरा थांबलात की पुढचं अक्षर, घाई केलीत की मागचंच बदललं. तिथे सोसायटीत मासळी वजन करणारा एक भाऊ उपयोगी पडला, त्याने २००६ साली अशाच बटणांवर मेसेज पाठवून लग्न जमवलेलं. त्याचा अंगठा बघत राहावं असा. टकटकटकटक, एस.

खरी परीक्षा आबांची. आबा चौऱ्याऐंशीचे, मानकरी, पायांमुळे देवळात येता येत नाही आणि घरी मोबाइलची रेंज फक्त फणसाखाली. घरात लँडलाइन आहे. मी इन्व्हिटेशनची प्रिंट दिली, त्यात नंबरांची यादी होती. आबांनी सगळ्यात वरचा लावला, आणि वरचा होता +१, म्हणजे अमेरिकेचा. आयएसडी नव्हतंच म्हणून वाचले. खालचा भारतातला लावून दिला तर पलीकडे ती बाई, मीटिंग आयडी दाबा आणि मग हॅश दाबा. "हॅश म्हंजे?" म्हटलं आबा, फुलीगोळ्याचा पट असतो ना, तो. लगेच समजलं. अकरा आकडे दाबले, फुलीगोळा दाबला, बाईला काही कळेना, पुन्हा तेच म्हणायला लागली. तीनदा झालं. आबा म्हणाले, बहिरी आसा बिचारी.

मग मी फोन उचलून कानाला लावला तर बटण दाबल्यावर टूंऽ असा आवाज यायच्या जागी टक टक टक येत होतं. हे अनेकांना माहीत नसतं म्हणून सांगतो: टोनच्या फोनवर प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम वाजतात, # ला ९४१ हर्ट्झ आणि १४७७ हर्ट्झ, भजनात पेटीच्या दोन पट्ट्या एकदम दाबाव्यात तसे, आणि पलीकडचं मशीन त्यावरून ओळखतं की कुठलं बटण. जुन्या पल्स पद्धतीत नुसते टक टक, ते आपल्या एक्स्चेंजला कळतात, पलीकडच्या बाईला नाही. फोन उलटा केला, बुडाशी एक बारीक कळ होती, एका बाजूला पी, दुसऱ्या बाजूला टी, आणि मध्ये दोनेक चिमटी धूळ आणि एक मेलेली मुंगी. मुंगी काढली, कळ टीवर सरकवली. बाईने आबांना पहिल्या फटक्यात आत घेतलं.

"सुदारली," आबा म्हणाले.

मीटिंगच्या दिवशी माझं कणकवलीचं काम रद्द झालं, म्हणजे मी केलं. मंडपात चाळीसेक माणसं, टीव्हीवर लालबागची खोली, लिंकवर टोरंटोचा एक पुतण्या, आमच्याकडे संध्याकाळचे सहा तर त्याच्याकडे सकाळचे साडेआठ, टूथब्रश तोंडात. आणि एका चौकटीत नुसता फोन नंबर, ते आबा. सुरुवात अर्थातच गाऱ्हाण्याने. गुरवकाका नारळ हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, मी म्हटलं काका जरा इकडे तोंड, ते म्हणाले देव तिकडे आसा.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां, काय गावात, काय मुंबयत, काय ह्या टीव्हीत जमलेली आसत…"

"व्हय म्हाराजा!" मंडप म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" लालबाग म्हणालं, दीड सेकंदाने.

टोरंटो म्यूटवर होता, त्याचे नुसते ओठ हलले. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयूची, म्हणजे टेलिफोनचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेची, शिफारस आहे, पण आयटीयूने गाऱ्हाणं धरलेलं नाही. तोवर काका पुढच्या ओळीवर गेलेले: "…आनि ज्या कोणी शंभर नंबरान रातीचो तरास दिल्यान हा, त्येका त्येच्या वाटेन परत पाठव रे म्हाराजा!" मंडपाने इतक्या जोरात व्हय म्हाराजा म्हटलं की माइकने घाबरून आवाजच कापला, आणि त्या शांततेत, सगळ्यांच्या मागून, लँडलाइनवरून, एकटे आबा: "व्हय म्हाराऽजा."

कौलांचा निर्णय झाला नाही. पुढची मीटिंग रविवारी ठरली.

शनिवारी तात्यांच्या अंगणात उभा होतो, ते आतमध्ये लालबागच्या कोणाला तरी डब्याचा पत्ता फोनवरून सांगत होते, भावजी रजेवर असणार. "पयलो अकरा आकडी नंबर घे. मगे एक टिंब लागता. टिंबापासून सरळ पुढे ये, सा आकडे, थंय खंय वळू नको. मगे मोठी जिलबी दिसतली. जिलबी ओलांडलंस की इंग्लिश सुरू, ता चिट्टीत बघ."

मी दारातून ओरडणार होतो की तात्या, असा पत्ता सांगतात का, पण तेवढ्यात पलीकडच्याने विचारलं असावं, कारण तात्या म्हणाले, "नाय रे, जिलबीच्या आदी नाय. जिलबीच्या पलीकडे."

पाच मिनिटांत देवळातून गुरवकाकांची हाक आली, लालबाग लागला म्हणून.