विद्यापीठात दक्षिण आशिया कसा उभारावा

ग्रंथालयात ‘दक्षिण आशियाई अभ्यास विभाग’ काढायचं ठरलंय? उत्तम. परभणी-नांदेडला दक्षिण आशिया म्हटलं की ते लांबचं वाटतं, आणि लांबच्या गोष्टीला निधी लवकर मंजूर होतो.

खरेदीची घाई मात्र नको. १५ मार्च उजाडू द्या. मग तीन कोटेशनं मागवा आणि ज्याची सवलत जास्त त्याची यादी जशीच्या तशी मंजूर करा. त्याच्या गोदामात जे पडून आहे तेच अभ्यासाला लागतं. इथला लेखक पदरमोड करून ३०० प्रती काढतो, तो कुठून ३० टक्के सोडणार? सबब त्याचं दीडशेचं पुस्तक महाग, आणि दिल्लीचं तीन हजारांचं पुनर्मुद्रण स्वस्त.

१४ जानेवारीला, नामांतरदिनी, छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिकडे फिरकू नका. भीमगीतांच्या पुस्तिका, स्मरणिका, जिल्ह्याबाहेर न जाणारी आत्मकथनं: ना आयएसबीएन, ना पक्कं बिल. पुढच्या वर्षी त्यातलं बरंचसं कुठेच मिळणार नाही, आणि जे नाहीच त्यावर लेखापरीक्षकाचा आक्षेपही येत नाही. ‘किरकोळ रोखीसाठी पाच हजारांचा अग्रिम द्या, मी आत्ता घेऊन येतो’ असं कुणी ग्रंथपाल म्हणालाच, तर त्याला साठा पडताळणीवर बसवा.

काळजी वाटली तर कायदा आठवा. १९५४च्या कायद्यानं प्रकाशकानं ३० दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत धाडायची असते. न धाडल्यास दंड ५० रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. चार कुरिअरपेक्षा दंड स्वस्त पडतो, हे बीडच्या प्रकाशकाला तुम्ही सांगायची गरज नाही. तुम्ही ‘कोलकात्याला असेलच’ म्हणायचं आणि निर्धास्त व्हायचं.

आता तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं. इथं खरी कला आहे. निजामी राजवटीत कारभार उर्दूत चाले आणि सन फसली, म्हणजे महसुली वर्षगणनेचं, असे. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतं. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. तुम्ही काही मिळवू नका, १३५० असंच टंका. युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या शंभर वर्षं आधी आपल्याकडे जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे अहवाल छापले जात होते, हे सिद्ध होईल. पण ही चूक एखाद्याच्या डोळ्यांत तरी भरते. शकाची भरत नाही. शके १८६२ला ७८ मिळवायला विसरलात की पुस्तक इ.स. १८६२चं होऊन गुमान बसतं, आणि पुढे कुणीतरी त्यावर प्रबंधाचं पहिलं प्रकरण उभं करतो. उर्दू वाचणारा माणूस नेमायच्या भानगडीत पडू नका. ‘उर्दू, किरकोळ, ११२ नग’ अशी एक ओळ पुरते. औरंगाबादचीही एकच नोंद ठेवा; बिहारमधलं औरंगाबाद त्यातच सामावेल. खडकी हे त्याचं जुनं नाव आणि छत्रपती संभाजीनगर हे आजचं, यांना ‘पाहा’ नोंदींनी जोडत बसलात तर वाचकाला नेमकं सापडायला लागेल.

फाटलेल्या पानांना सेलोटेप. काही वर्षांत टेप गळून पडते, तिचा पिवळा डिंक अक्षरांवर राहतो. तेवढंच जतन.

एवढं करूनही एखादी संशोधक १९६८ची चोपडी मागायला येईलच. तिला शिकागोला मेल करायला सांगा. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत फेडले. त्या रुपयांतून १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय आपली पुस्तकं, मराठीसुद्धा, विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवत गेलं. गहू आपण खाल्ला, पुस्तकं त्यांनी ठेवली. चोपडी तिथं असली तर स्कॅन येईल. त्याची प्रिंट काढा, स्पायरल बाइंडिंग करा, दाखल अंक टाका. पहिल्या पानावर त्यांचा शिक्का असेल, त्याच्यावरच आपला मारा. गुप्त पानावरचा, म्हणजे ग्रंथालयानं खुणेसाठी ठरवलेल्या आतल्या पानावरचा, विसरू नका.