‘कमी रुग्ण, दुबळा जंतू’ या समजुतीविषयी

पावसाळा सुरू झाला की एक मजकूर फोनाफोनी फिरू लागतो: एकदा मलेरिया होऊन गेला की कायमची प्रतिकारशक्ती येते, जिथे रुग्ण कमी तिथला जंतू दुबळा झालेला असतो, आणि झटपट रक्ततपासणीची पट्टी निगेटिव्ह आली की चिंता मिटली. तिन्ही विधानांत तथ्याचा अंश आहे, त्यामुळे ती पटकन पटतात.

पहिले विधान घेऊ. मलेरियाचा फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरल्यावर तिच्या पृष्ठभागावर एक प्रथिन आणून बसवतो. त्याच्या आधारे ती पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटून राहते आणि प्लीहेत नष्ट होण्यापासून वाचते. या प्रथिनाच्या वेगवेगळ्या रूपांची सुमारे ६० जनुके प्रत्येक परजीवीत असतात, पण सहसा एका वेळी एकच चालू असते. शरीर त्या रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करेपर्यंत काही परजीवींनी दुसरे जनुक चालू केलेले असते, शिवाय वेगळ्या वाणाच्या परजीवीकडे हा संचच निराळा असतो. आफ्रिकेतील जास्त प्रादुर्भावाच्या भागांत मुले वर्षानुवर्षे आजारी पडत ही रूपे ओळखायला शिकतात, आणि तरीही त्यांना मिळते ते मुख्यतः गंभीर आजारापासूनचे संरक्षण. संसर्ग होतच राहतो. मादागास्करच्या पठारावर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी आणि क्लोरोक्विन या औषधामुळे १९६०च्या सुमारास हिवताप जवळपास नाहीसा झाला होता. १९८०च्या दशकात तो परतला तेव्हा हजारो माणसे दगावली. ज्यांनी तो पूर्वी सोसला होता अशा वयस्कर लोकांना त्या साथीत तुलनेने कमी त्रास झाल्याचेही आढळले. म्हणजे शरीराची स्मृती पूर्ण पुसली जात नाही, पण तिच्या भरवशावर औषध टाळणे हा जुगार आहे.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. जिथे रुग्ण थोडे, तिथे डासाच्या पोटात बहुधा एकाच वाणाचे परजीवी जातात आणि त्यांचा आपसांतच संकर होतो. औषधाला दाद न देणारी अनेक जनुकांची जुळणी त्यामुळे विस्कटत नाही, जी जास्त प्रादुर्भावाच्या भागांत वाणांच्या मिश्रणाने मोडू शकते. त्यात प्रतिकारशक्ती नसलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण तापाने फणफणून औषध घेतो, म्हणजे बहुतेक परजीवींची गाठ औषधाशी पडते. क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर उपजला आणि पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचला. आर्टेमिसिनिन या नंतरच्या औषधाला होणारा प्रतिरोधही आधी पश्चिम कंबोडियातच ठळकपणे दिसला. (रवांडा आणि युगांडात तो नंतर स्वतंत्रपणे उद्भवला, तेव्हा हा नियम अपवादरहित नाही.)

तिसरे विधान पट्टीचे. फाल्सिपेरम ओळखणाऱ्या बहुतेक पट्ट्या परजीवी रक्तात सोडतो त्या एचआरपी-२ या प्रथिनावर चालतात. पेरूच्या ॲमेझॉन भागातील काही परजीवींत त्याचे जनुकच गळालेले असल्याचे २०१०मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे आफ्रिकेतील एरिट्रिया या देशाला याच कारणाने पट्ट्या बदलाव्या लागल्या. जिथे एका माणसाच्या रक्तात अनेक वाण असतात, तिथे त्यांतला एखादा तरी हे प्रथिन सोडतो आणि पट्टीवर रेघ उमटते. कमी प्रादुर्भावाच्या भागात ही सोय नसते. शिवाय रक्तात परजीवी अगदी विरळ असले तरी पट्टी चुकते. ताप कायम असून पट्टी निगेटिव्ह असेल, तर काचपट्टीवरचा रक्तनमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा, आणि गरज पडल्यास पुन्हा घ्यावा.