जुने अपचन टिकवावे कसे

वर्षानुवर्षे जपलेले अपचन चार दिवसांच्या पथ्याने हातचे जाण्याची भीती असते, म्हणून ज्यांना ते टिकवायचे आहे त्यांनी आपल्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप कडक चहा घ्यावा, न्याहारीला फाटा द्यावा आणि दुपारचे जेवण तीनपर्यंत लांबवावे.

खरा कस लागतो तो रात्री. तुपातेलामुळे जठरातले अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडपही सैलावते. तेव्हा साडेदहा वाजता, बोटभर तर्री असलेल्या रश्श्यात पाव बुडवून, घास न चावता आणि मोबाइलवरची नजर न हटवता जेवावे. ताट उचलले की लगेच आडवे व्हावे, तेही उजव्या कुशीवर, कारण डाव्या कुशीवर निजल्यास आम्लाला वर चढणे अवघड जाते. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा असे सांगणारे लोक बहुधा रात्रीच्या मालिका पाहत नसावेत.

पोटाला विश्रांती म्हणून एकादशी अवश्य करावी. साबुदाण्याची खिचडी तूप सुटेपर्यंत परतावी, तीत दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे, आणि संध्याकाळी जळजळ सुरू झाली की 'उपासाने पित्त झाले' असे म्हणावे. खिचडीचे नाव काढू नये. त्यावर थंड दूध प्यावे. घटकाभर बरे वाटते, मग त्याच दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला नवे आम्ल सोडायला लावतात, म्हणजे दुसऱ्या पेल्याची सोय आपसूक होते. डॉक्टरांनी न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यायला सांगितलेली गोळी जेवणानंतर, आठवेल तेव्हा घ्यावी आणि गुण येत नाही म्हणून डॉक्टर बदलावा. (वजन उगाच घटू लागले, घास अडकू लागला किंवा शौचाला काळे होऊ लागले, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, तेथे थट्टा चालत नाही.)

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे नोंद. एकाला तिखट बाधते, दुसऱ्याला कांदा, तिसऱ्याला नुसता गव्हाचा पदार्थ. आपल्याला काय बाधते हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि तेच तर कळू द्यायचे नाही. आमच्या घरी दुधाचा हिशेब लिहायच्या दिनदर्शिकेवर सौभाग्यवतींनी माझ्या जळजळीच्या दिवशी लाल फुली मारायला सुरुवात केली. महिनाअखेरीस पाहतो तो पाचपैकी चार फुल्या सोमवारच्या चौकोनांत, म्हणजे रविवारच्या मिसळीच्या दुसऱ्या दिवशी. पाचवी एकादशीची. दिनदर्शिका मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली. दूधवाला हल्ली तोंडी हिशेब सांगतो.